मोरीजवळचं वळण

गुरुवार, १२ जानेवारी १९५६

कारखान्यातल्या कुणा साहेबाकडं जास्तीची पडलेली एक जाड डायरी यांना मिळाली. घरी आल्यावर ती माझ्यापुढं टाकून म्हणाले, "घे, घरखर्च लिहीत जा." घरखर्च सगळा आत्याबाईंच्या तोंडी असतो आणि तो कधी चुकत नाही. मग मी इथं दुसरंच लिहिणार. माहेरी सांगवीच्या शाळेत सातवी पास झाले ती काही मीठमिरची मांडायला नव्हे.

यांचं नाव तोंडानं घ्यायचं नसतं, पण लिहायला कुणाची मनाई नाही. रंगराव. पिंपरीच्या औषधाच्या कारखान्यात बाटल्या भरायच्या खात्यात लागलेत, अजून कायम झालेले नाहीत. आत्याबाई म्हणजे माझ्या सासूबाई, गोजाबाई. मामंजी गेल्यापासून शेत त्याच बघतात, आणि भाजीची पाटी डोक्यावर घेऊन आकुर्डीहून चिंचवड स्टेशनाच्या बाजाराला पायी जातात. मी इंद्रायणी. या घरात येऊन अजून वर्ष झालेलं नाही.

आज घरात सायकल आली. माझ्या वडिलांनी जावयाला दिली, हिरवी आहे. आत्याबाईंनी हँडलला हळदकुंकू लावलं, पुढच्या चाकापाशी नारळ फोडला, सगळ्या आळीला खोबरं वाटलं, आणि स्वतः एक तुकडाही तोंडात टाकला नाही. माझ्या माहेरची वस्तू म्हणून असेल. मला वाईट वाटलं.

शुक्रवार, २० जानेवारी

आज लक्ष्मणमामा जेवायला होते. आत्याबाईंचे धाकटे भाऊ, मुंबई-पुणे ट्रक चालवतात. ट्रक वडाखाली उभा करून आले की घरभर डिझेलचा वास येतो. जेवायला बसले आणि रस्त्यावरून भांडण सुरू झालं.

मामा म्हणाले, "डांबर केवढंसं, आन त्यात समोरनं एश्टी आली की मला बाजू द्यावीच लागती. ट्रक म्हंजे काय शेळी हाय, कान धरून बाजूला न्यायला? आन हे सायकलवाले डांबराच्या कडंला गोचिडासारखे चिकटलेले!"

"मग आम्ही जायचं कुठं मामा?" हे म्हणाले. "तुम्ही मागून भोंगा मारला की आम्ही मुरमावर उतरतो. तिथं या बाया. घंटी वाजवून अंगठा दुखतो, पण एक हलेल तर शपथ."

आत्याबाई भाकरी मोडत होत्या. "घंटी मागनं वाजती. डोळं काय पाठीला हायत आमच्या? आन हलून जायचं कुटं? मोरीपाशी एका अंगाला वढा, दुसऱ्या अंगाला निवडुंग. निवडुंगात शिरू?"

ओढ्यावरची मोरी आमच्या शेताच्या टोकाला आहे. तिथं रस्ता वळतो, आणि आमच्या आणि दत्तोबातात्यांच्या शेताचं निवडुंगाचं कुंपण मुरमावर पार वाढून आलंय. पलीकडून काय येतंय ते दिसत नाही.

तिघंही माझ्याकडं वळले. मामा म्हणाले, "सूनबाई शिकलेली हाय. तू सांग, चूक कुणाची?"

मी म्हटलं, "भाकऱ्या निवायला लागल्यात." तिघंही माझ्यावर नाराज झाले, आणि त्या एका गोष्टीवर त्यांचं एकमत झालं.

रविवार, २९ जानेवारी

यांची नवीच तक्रार आहे. "माझीच आई मला आडवी येते." आत्याबाई आणि बायकांची रांग बाजारातून परतताना नेमकी कारखान्याची शिफ्ट सुटायच्या वेळी रस्त्यावर असते, आणि मोरीच्या वळणावर आत्याबाई डांबरावरूनच चालतात. ट्रक भोंगे मारतात, शेवटी गिअर बदलून मागं मागं रांगतात. सायकलवालेही त्या रांगेत अडकतात.

बाजार तर दुपारीच उठतो. बाकीच्या बायका म्हणतात, गोजाबाई कारखान्याचा भोंगा झाल्याशिवाय पाटी उचलत नाहीत. शेतांमधून जाणारी पाणंदीची वाट जवळची आहे, पण त्या तिकडून येत नाहीत. मी विचारलं तर म्हणाल्या, "पाणंदीत काटं हायत."

माणूस म्हातारपणी हट्टी होतं, दुसरं काय.

शनिवार, ११ फेब्रुवारी



सकाळी हे कामाला निघाले आणि थोड्याच वेळात चालत परत आले. कोपर सोललेलं, पायजमा फाटलेला. दारातच बसले. मोरीच्या वळणावर मागून ट्रक आला, समोरून एसटी. ट्रकनं यांना दाबलं, हे मुरमावर उतरले आणि पुढं छबूबाई होत्या. त्या पडल्या आणि सायकल त्यांच्या पायावर. ट्रक तसाच निघून गेला.

छबूबाई शेजारच्या. आत्याबाईंच्या जोडीनं रोज पाटी घेऊन जातात. नवरा नाही, मूल नाही. पाटी हेच सगळं.

एसटीवाल्यानं गाडी थांबवली, त्यांना उचलून आत निजवलं आणि गाडी मागं वळवून पुण्याच्या मोठ्या दवाखान्यात नेलं. आत्याबाई बरोबर गेल्या. जाताना मुलाकडं बघितलंसुद्धा नाही म्हणे.

"माझी चूक नाही गं," हे सारखं म्हणत होते. "ट्रकनं ढकललं." मी हळद लावत होते.

सोमवार, १३ फेब्रुवारी

गाव तापलंय. सगळ्यांत जास्त दत्तोबातात्या. ते यांचे चुलत चुलते, मोठ्या मिशांचे. बायको जाऊन फार दिवस झाले, शेतात एकटेच राहतात. एरवी पाण्याच्या पाळीशिवाय कुणाशी बोलत नाहीत. आज चावडीवर त्यांचा आवाज आमच्या चुलीपर्यंत येत होता. "ह्या कारखानेवाल्यांच्या सायकली काय बायाबापड्यांच्या अंगावर घालायच्या? गरीब बाईला कुणी वाली न्हाई म्हनून?"

यांची सायकल ओढत नेऊन त्यांनी चावडीच्या खांबाला साखळीनं बांधली. म्हणाले, "छबूबाई चालंपर्यंत ही सायकल चालणार न्हाई."

तात्यांना न्यायाची इतकी चाड असेल असं वाटलं नव्हतं.

हे उद्यापासून पायी जाणार. पाणंदीनं.

गुरुवार, १६ फेब्रुवारी

छबूबाईंना घरी आणलं. त्यांच्या नव्हे, आमच्या. आत्याबाईंनी कुणाला विचारलंच नाही. ओसरीवर बाज टाकली आणि सांगितलं, "ही हितं ऱ्हाईल." नडगीचं हाड मोडलंय. पाय गुडघ्यापर्यंत पांढऱ्या प्लास्टरात.

हे संध्याकाळी आले तर समोर बाज. परत फिरायला जागा नव्हती. डबा हातात धरूनच म्हणाले, "मावशी, मला मागून ट्रकनं ढकललं. देवाशपथ."

छबूबाई म्हणाल्या, "व्हय बाबा. ट्रकनं तुला ढकललं, तू मला ढकललंस. मी कुणाला ढकलू? माज्या म्होरं कुणी नव्हतंच."

बोलण्यात राग नव्हता. भाजीचा भाव सांगावा तसं सांगितलं त्यांनी. हे तिथंच जमिनीवर बसले, आणि मान खाली घालून म्हणाले, "मावशी, चुकलं."

"घंटी तरी वाजवायचीस रं."

"वाजवली होती."

"मग मला वाटलं असंल, गोजाचं पोरगं हाय, थांबंल," असं म्हणून त्या हसल्या, आणि पाय दुखला म्हणून लगेच कळवळल्या.

मंगळवार, २१ फेब्रुवारी

छबूबाईंच्या वाफ्यातली मेथी काढायला आली. कोण नेणार? आत्याबाईंच्या डोक्यावर त्यांची स्वतःची पाटी असते. मी म्हटलं, "मी नेते." हे म्हणाले, "सातवी शिकलेली बाई बाजारात बसणार?" मी म्हटलं, "मोजता तरी बरं येईल."

सांगवीत मी मुळेच्या पुलापर्यंत रोज चालायचे, पण हातात दप्तर असायचं. डोक्यावर पाटी असली की मान वळत नाही हे मला माहीत नव्हतं. मागून काहीही आलं तरी आवाजच ऐकायचा, आणि तो आवाज कुठल्या अंगाचा ते ओळखेपर्यंत वारा अंगावरून गेलेला असतो.

मोरीपाशी देहूरोडकडच्या सायकलवाल्यांचा घोळका घंट्या वाजवत आला. एकाचं हँडल माझ्या पाटीला लागलं, मेथीच्या जुड्या मुरमावर. माझ्या तोंडून निघालं, "डोळं फुटलं का रं, मुडद्या!"

त्यानं वळून बघितलं. यांच्याच खात्यातला ज्योतीराम. संक्रांतीला आमच्याकडं तिळगूळ खाऊन गेला होता. "वहिनी तुम्ही?" म्हणाला आणि थांबण्याऐवजी आणखी जोरात पळाला.

आत्याबाई इतक्या हसल्या की त्यांना पाटी खाली ठेवावी लागली. लग्नानंतर त्यांना इतकं हसताना मी पहिल्यांदा बघितलं.

बुधवार, २२ फेब्रुवारी

मान दुखतेय. मेथी सगळी संपली.

शुक्रवार, २ मार्च

गावातल्या कुणीतरी मुरमावर बाभळीचे काटे पसरले. सकाळी ज्योतीरामची आणि आणखी पुष्कळांची चाकं बसली. मग परतताना सायकलवाल्यांनी मुद्दाम रांग लावून डांबर अडवलं आणि बायांना वाट दिली नाही. मागं ट्रकवाले भोंगे मारून मारून दमले. एका क्लीनरनं खाली उतरून एकाची टोपी ओढ्यात फेकली. सगळे एकमेकांवर ओरडत होते आणि कुणाचंच कुणाला ऐकू येत नव्हतं. असंच चाललं तर एक दिवस मोडलेल्या पायावर निभावणार नाही.

दत्तोबातात्या हल्ली रोज दुपारी येतात. ओसरीच्या पायरीवर उभे राहतात, वर चढत नाहीत. तुळईकडं बघून विचारतात, "कशी हाय?" छबूबाई म्हणतात, "हाय बरी." मग तात्या हातातलं खाली ठेवतात. कधी शेळीचं दूध, कधी सोललेल्या उसाचे करवे, काल तर पोपटाच्या चोचीनं टोकरलेला एकुलता एक पेरू. मग जातात. गावकीचा खटला त्यांनी अंगावर घेतलाय, तेव्हा साक्षीदाराची तब्येत बघून जात असावेत.

छबूबाईंना मी सकाळी वेणी घालते. त्या म्हणतात, "सकाळी नगं गं, जेवनं झाल्यावर घाल." पडून पडून माणसाला लहरी सुचतात.

शुक्रवार, ९ मार्च

पायी जाऊन यांना उशीर होतोय. आज फोरमननं समज दिली, असंच लेट आलात तर कायम करायचं नाव काढू नका. मी यांच्या पायाला तेल चोळलं. टाचांना भेगा पडल्यात. मामा ट्रकमधून सोडतो म्हणाले तर हे ऐकत नाहीत. "ट्रकात नाही बसणार मी."

मला आत्याबाईंचा राग आला. चावडीवर जाऊन एक शब्द टाकला तर सायकल सुटेल. त्या जात नाहीत. उलट सायकल गेल्यापासून कशा निवांत आहेत! भोंग्याची वाट न बघता दुपारीच पाणंदीनं घरी येतात, काट्यांचं नाव नाही. जेवण चांगलं जातं. माझ्या माहेरच्या वस्तूवर इतका आकस असावा?

संध्याकाळी मामा आले. जेवता जेवता आत्याबाईंनी विचारलं, "लक्षुमन, छबू पडली त्या सकाळी तू कुटं व्हतास?"

मामांचा घास हातातच राहिला. "खोपोलीवरनं येत व्हतो."

"ह्याच वक्ताला?"

"ह्याच." मामा ताटाकडं बघत राहिले. "मोरीपाशी एश्टीला बाजू दिली, येवढं ध्यानात हाय. आक्का, मी असंन न्हाईतर नसंन. रोज कितीक ट्रक जात्यात. पर मी असतो तरी मला कळलं नसतं. आमी मागं बघतच न्हाई."

मामा उठले, हात धुतले, ओसरीवर छबूबाईंच्या बाजेपाशी जाऊन उभे राहिले. काय बोलले ते मला ऐकू आलं नाही. ताट अर्धं तसंच होतं.

हे म्हणाले, "मामांना थांबव. इतक्या लांब उपाशी जातील." पण ट्रक सुरू झाला होता.

रविवार, १८ मार्च

सकाळी बघते तर आत्याबाई पदर खोचून, हातात कोयता घेऊन शेताच्या टोकाला. आमच्या वाटणीचं निवडुंगाचं कुंपण तोडत होत्या. मामंजींनी लावलेलं. कुणी त्याला हात लावला की त्या अंगावर धावून जात.

"आत्याबाई, गुरं शिरतील."

"शिरू देत. मी बसंन राखत." चीक उडून डोळ्यात जाऊ नये म्हणून त्यांनी पदरानं तोंड बांधलं होतं. "रंगाची नोकरी गेली तर काय खायचं? सायकल तर लागणारच. पर आदी छबूला आन त्याला, दोघान्लाबी पाय ठेवाया जागा पायजे. आमच्या हद्दीतनं काढते मी जागा."

हे आणि मी दोघंही लागलो. दुपारपर्यंत आमच्या बाजूचं वळण मोकळं झालं आणि पलीकडचा रस्ता दिसायला लागला. इतक्या दिवसांत मी तिथून चिंचवडकडं जाणारा रस्ता कधी बघितलाच नव्हता.

पण पुढचं अर्धं कुंपण दत्तोबातात्यांचं. ते बांधावर येऊन उभे राहिले. "वैनी, तुमचं तुमी तोडलं, माझं मी तोडणार न्हाई. कारखानेवाल्यांच्या सायकलीसाठी माझं कुंपण?"

"सायकलीसाठी न्हाई, मानसांसाठी."

"न्हाई म्हंजे न्हाई." आणि गेले.

शनिवार, २४ मार्च

अर्ध्या तोडलेल्या कुंपणाचा काही उपयोग नाही. बाया तेवढ्यापुरत्या आत जातात आणि पुढं पुन्हा डांबरावर येतात. आत्याबाई सारा दिवस उन्हात शेत राखतात. काल कुणाच्या तरी म्हशींनी कोथिंबिरीचा वाफा साफ केला.

आज दुपारी तात्या नेहमीसारखे पायरीशी आले. तुळईकडं बघून म्हणाले, "कशी हाय?"

छबूबाईंनी रोजचं उत्तर दिलं नाही. म्हणाल्या, "तात्या, तुमी कुणासाठी भांडताय? माज्यासाठी का निवडुंगासाठी?"

तात्यांनी पहिल्यांदाच तुळईवरून नजर खाली आणली.

"मी पाटी घिऊन पुन्यांदा त्याच वळनावरनं जानार," छबूबाई म्हणाल्या. "पाय धड झाला तर. न्हाई झाला तर खुरडत. तवा बी मागनं सायकल यील, तिच्या मागनं ट्रक यील. तुमी काय सगळ्यांच्या सायकली चावडीला बांधनार?"

तात्या हातातला दुधाचा तांब्या ठेवायचाही विसरले, घेऊनच गेले. मला वाटलं, झालं, रागावले. बाईमाणसानं असं तोंडावर बोललेलं गावातल्या मोठ्या माणसाला कसं खपेल?

ऊन कलताना कोयत्याचा आवाज यायला लागला. मी माडीवरून बघितलं तर तात्या एकटेच, डोकं खाली घालून, सपासप. अंधार पडायच्या आत त्यांनी सगळं कुंपण आडवं केलं. मग चावडीवर गेले, साखळी काढली आणि सायकल आणून आमच्या भिंतीला टेकवली. छबूबाई अजून चालत नव्हत्या, पण त्याबद्दल ते काही बोलले नाहीत.

तात्यांना एकदम काय झालं असेल? मी आत्याबाईंना विचारलं. त्यांनी माझ्याकडं जरा विचित्र नजरेनं बघितलं आणि म्हणाल्या, "सातवीत काय काय शिकवत्यात गं?"

रविवार, ८ एप्रिल

कारखान्याला सुट्टी. मामांनी मालकाची परवानगी काढून ट्रकभर मुरूम आणला. कुणी सांगितलं नव्हतं. ट्रक मोरीपाशी उभा केला आणि हे पायी तिकडं गेले, ट्रकाच्या मागच्या फळीवर चढले आणि फावडं घेतलं. मामा आणि भाचा पूर्ण सकाळ एकमेकांशी बोलले नाहीत, पण एकच तंबाखूची डबी इकडून तिकडं जात होती.

ज्योतीराम आपल्या घोळक्याला घेऊन आला. मला बघून आधी लपला, मग घमेलं उचललं. गावातले काटे पसरणारे कोण ते कुणी विचारलं नाही, पण काम करताना दोघंतिघं जास्तच उत्साहात होते. तात्यांनी निवडुंगाची मुळं खणून काढली. बायांनी पाणी मारलं. दिवस मावळेपर्यंत डांबराच्या बाजूनं बैलगाडी जाईल एवढी सपाट पट्टी तयार झाली. सायकलवाल्यांची का बायांची, ते ठरायचं राहिलं. त्यावरून जेवताना पुन्हा भांडण झालं. मी काही म्हटलं नाही. पण मी चालणाऱ्यांच्या बाजूची आहे, हे इथं लिहून ठेवते.

शनिवार, १४ एप्रिल

छबूबाईंचं प्लास्टर कापलं. पाय वाळक्या काठीसारखा झालाय. डॉक्टर म्हणाले, किंचित आखूड राहील, जड ओझं घेऊन लांब चालणं आता जमायचं नाही.

हे बरोबर गेले होते. घरी आल्यावर परसात जाऊन रडले. मी मागं गेले नाही. आत्याबाई गेल्या. पुष्कळ वेळानं दोघं आत आले.

सोमवारपासून आत्याबाई पुन्हा भोंगा होईपर्यंत बाजारात थांबणार म्हणतात. आता वळण मोकळं आहे, पट्टी आहे, तरी डांबराकडच्या अंगाला त्याच चालणार. सकाळी जाताना मी बरोबर असते, म्हणून मला दिसतं. त्या सारख्या मागं वळतात, पाटी एका हातानं धरून, अंगच वळवून. हिरवी सायकल पुढं निघून गेली की मग पायाला जोर येतो. कुणाची जुडी पडली का ते बघत असतील.

रविवार, ६ मे

छबूबाई परवाच त्यांच्या घरी गेल्या. आज मला बोलावून आपली पाटी माझ्या हातात दिली. "ही आता तुझी. मी न्हाई जायाची बाजारला."

मी विचारलं, "मावशी, माझ्या विकण्यात काही खोट झाली का?"

त्या पदरात तोंड लपवून हसायला लागल्या. मला काही कळेना. घरी येऊन आत्याबाईंना सांगितलं तर त्या कपाळाला हात लावून म्हणाल्या, "अगं खुळे, पुढच्या आठवड्यात छबूचा आन दत्तोबाचा पाट लागतुय. आमच्यात चाल हाय ती. सगळ्या गावाला फेब्रुवारीपासनं ठावं हाय!"

मी यांच्याकडं बघितलं. हे म्हणाले, "म्हणजे तुला खरंच माहीत नव्हतं?"

ते पेरू, ती वेणी, ते सगळं मीच माझ्या हातानं या वहीत लिहिलंय, तारखेसकट. मागची पानं वाचली आणि लाज वाटली. पण फाडली नाहीत.

रविवार, २७ मे

आज जे बघितलं ते नीट लिहून ठेवायला हवं.

पाट साधेपणानं लागला. त्यानंतर तात्या रोज संध्याकाळी खळ्यावर यांच्याकडून सायकल शिकतायत. छबूबाईंना ताथवड्याला भावाकडं जायचंय आणि त्यांच्यानं इतकं चालवत नाही, म्हणून. ज्या माणसानं सायकल साखळीनं बांधली तो तिच्यावर बसून "धर रं रंगा, सोडू नगंस!" असं ओरडतो आणि हे कॅरिअर धरून मागं धावतात. तात्या जितक्या वेळा पडले तितक्या वेळा सायकलीला शिव्या देऊन पुन्हा चढले. एकदा मिशीत माती गेली होती.

आज दोघं निघाले. यांनीच हिरवी सायकल दिली. छबूबाई नवं लुगडं नेसून कॅरिअरवर एका अंगाला बसल्या, हात तात्यांच्या सदऱ्याला. आम्ही बाया बाजारातून येत होतो, वळणावर ते समोरून आले. वळण मोकळं असल्यानं लांबूनच दिसले. सायकल सापासारखी चालली होती. मुरमाच्या पट्टीवर चढायचं तात्यांना जमेना, म्हणून ते डांबराच्या अगदी मधोमध होते.

आणि त्यांच्या मागं मामांचा ट्रक. भरलेला. मामांनी पहिला गिअर टाकला होता, ट्रक मुंगीच्या पावलानं येत होता. त्यांच्या मागं एसटी होती. एसटीच्या ड्रायव्हरनं बाहेर मान काढून बघितलं आणि भोंग्यावरचा हात काढून घेतला. एसटीच्या मागं रविवारच्या बाजाराला निघालेले सायकलवाले, कुणी घंटी वाजवली नाही. त्यांच्या मागं एक बैलगाडी. आम्ही बाया पट्टीवर थांबलो, पाट्या डोक्यावर तशाच.

आत्याबाई ओरडल्या, "दत्तोबा, घंटी तरी वाजव की!"

"हात सुटंना वैनी!" तात्या ओरडले. मान वळवली तर सायकलही वळली. छबूबाईंनी "म्होरं बघा, म्होरं!" म्हणून त्यांच्या पाठीत चापट मारली. सायकल पुन्हा सरळ झाली.

मामा ट्रकमधून वाकून आमच्याकडं बघत होते. आत्याबाई त्यांना म्हणाल्या, "लक्षुमन, उशीर व्हईल तुला."

"होऊ दे," मामा म्हणाले, आणि तसेच हळूहळू त्यांच्या मागून गेले.